मधला शब्द

दुपारी तीनच्या सुमाराला अग्निशमन केंद्रात काही घडत नाही. वॉच रूममध्ये एकजण फोनपाशी बसलेला असतो, समोर नोंदवही उघडी. बाहेर बंब तोंड रस्त्याकडे करून उभे. गाडीच्या दारापाशी गमबूट, आणि बुटांवरच पँट अशी दुमडून ठेवलेली, की पाय घातले की ती एका हिसक्यात कमरेपर्यंत यावी. वरच्या क्वार्टर्समधून कुकरची शिट्टी ऐकू येते. शाळेतून आलेले पोर जिन्यात बसून अभ्यास करते. मग घंटा होते, वरचा कुकर तसाच राहतो आणि मिनिटभरात खाली कोणी उरत नाही.

या पुस्तकाच्या निमित्ताने मी बऱ्याच केंद्रांत अशा दुपारी काढल्या. आग बघायला मिळेल या उत्सुकतेने गेले होते. हाती लागली ती आगीच्या आधीची वेळ, आणि नंतरची. होज रोज उलगडून वाळवायचा. बीए सेटच्या, म्हणजे पाठीवरच्या श्वसनयंत्राच्या, सिलिंडरमधला दाब रोज पाहायचा आणि वहीत लिहायचा. शिडीवरून दोराने उतरायची कवायत, कालही केली असली तरी आज पुन्हा. या कामाविषयी आपण जे बोलतो त्यात यातले काही नसते.

मुंबई अग्निशमन दलाच्या बोधवाक्यात तीन शब्द आहेत: शौर्य, आत्मसंयम, त्याग. आगीच्या दुसऱ्या दिवशीच्या बातमीत पहिला शब्द असतो. कोणी गेले असेल तर तिसराही येतो. मधल्या शब्दाची बातमी होत नाही. पाणी लगेच मारायचे की आधी खिडकी कुठे आहे ते पाहायचे, जमाव ओरडत असताना कोणत्या खोलीत शिरायचे नाही, रडणाऱ्या आईला बाजूला सारून बाळाच्या घशातला कफ आधी कसा काढायचा, हे सगळे त्या मधल्या शब्दाच्या पोटात आहे. पुढच्या पानांवर बोलणारे फायरमन, यंत्रचालक, १०८ रुग्णवाहिकांचे पायलट आणि डॉक्टर, कॅज्युअल्टीतले वॉर्डबॉय आणि परिचारिका बहुतेक वेळा याच शब्दाविषयी बोलतात, तो शब्द न उच्चारता.

मराठीला कष्टकऱ्यांच्या कामाविषयी लिहिण्याची सवय आहे. नारायण सुर्व्यांनी गिरणगाव कवितेत आणला; अनिल अवचट हमालांच्या आणि निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांच्या शेजारी जाऊन बसले. बंबावर आणि अँब्युलन्समध्ये काम करणारी माणसे मात्र आपल्या गद्यात फारशी आली नाहीत. एक कारण मला असे वाटते की त्यांना आपण कामगार मानायच्या आधीच वीर मानून टाकले. वीराला पाळी किती तासांची, हातमोजे फाटले तर नवे कधी मिळतात, असे कोणी विचारत नाही.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकासाठी थोडे मागे जाते.

आग विझवणे हे शहराचे काम आहे ही कल्पना जुनी आहे. रोममध्ये सम्राट ऑगस्टसने इसवी सन ६ मध्ये रात्रीच्या गस्तीचे आणि आग विझवण्याचे दल उभे केले. पण आज आपण ज्याला अग्निशमन दल म्हणतो त्याची घडण १८२४ मध्ये एडिंबरात झाली. जेम्स ब्रेडवूड या तरुणाकडे शहराचे दल सोपवले गेले. त्याने माणसे निवडली ती गवंडी, सुतार, छप्पर शाकारणारे, म्हणजे ज्यांना घर कसे उभे राहते ते हाताने ठाऊक होते. बाहेरून ज्वाळांवर पाणी फेकण्यापेक्षा आत शिरून आगीच्या मुळाशी जायचे, ही त्याची शिकवण. पुढे तो लंडनच्या दलाचा प्रमुख झाला आणि १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत अंगावर कोसळून गेला. आत शिरणाऱ्याला इमारत कळली पाहिजे हे त्याने शिकवले, आणि कळूनही भिंत ऐकतेच असे नाही हे त्याच्या मरणाने. दीडशे वर्षांनंतरच्या काळबादेवीकडे मी पुढे येणार आहे.

पॅरिसने वेगळी वाट धरली. १८१० मध्ये ऑस्ट्रियाच्या राजदूताकडच्या मेजवानीत आग लागून माणसे दगावली, आणि नेपोलियनने १८११ मध्ये शहराचे अग्निशमन सैनिकांच्या हाती दिले. ते दल आजही सैन्याचा भाग आहे. अमेरिकेत गल्लोगल्लीच्या स्वयंसेवक मंडळांतून पगारी दले निर्माण झाली, आणि पुढे तिथल्या अनेक शहरांत अँब्युलन्सही त्याच केंद्रातून निघू लागली. जपानमध्येही आग आणि रुग्णवाहिका एकाच छताखाली असतात. ब्रिटनने दोन्ही वेगळे ठेवले. आपण ब्रिटिशांचे घेतले.

मुंबईत १८०३ मध्ये कोटात मोठी आग झाली तेव्हा संघटित दल नव्हते. १८५५ मध्ये घोड्यांच्या बंबांचे दल उभे राहिले, ते पोलिसांकडे होते. १८८८ च्या पालिका कायद्याने अग्निशमन दल ठेवणे हे पालिकेचे कर्तव्य ठरवले. १९०७ मध्ये पहिला मोटारबंब आला. लंडनची कवायत, लंडनची पदे, लंडनचे शब्द आले ते राहिलेच: होज, ब्रांच, टर्नआउट, लीडिंग फायरमन, स्टेशन ऑफिसर. मात्र सगळ्यांत महत्त्वाचा शब्द मराठी राहिला. आग लागल्याची खबर आली की केंद्रात ‘वर्दी’ आली म्हणतात. हिंदीत वर्दी म्हणजे गणवेश, मराठीत वर्दी म्हणजे खबर. हा फरक मला आवडतो. आमच्याकडे या कामाची ओळख अंगावरच्या कपड्याने होत नाही, कुणीतरी बोलावले यावरून होते.

१४ एप्रिल १९४४ ची वर्दी व्हिक्टोरिया डॉकमधून आली. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गाठी होत्या, सोने होते आणि सुमारे १४०० टन स्फोटके होती. दुपारी जहाजाच्या तळातून धूर दिसला. बंब आले, पाणी सुरू झाले, तास उलटले. जहाज बुडवायचे की बंदराबाहेर काढायचे, हा निर्णय कुणा एकाला घेता येईना. जहाजाचा कप्तान, बंदराचे अधिकारी, सैन्याचे स्फोटकतज्ज्ञ, प्रत्येकाचा अधिकार वेगळा. चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या आठवणीत. भायखळ्याच्या मुख्यालयात स्मारक आहे, मानवंदना होते, फुले वाहिली जातात. ते सगळे योग्यच आहे. पण मी जेव्हा जेव्हा ती हकीकत वाचते तेव्हा स्फोटापेक्षा आधीच्या दोन तासांपाशी थांबते. होज हातात धरून माणसे उभी आहेत, पायाखालची लोखंडी फळी तापत चालली आहे, आणि वर काही अधिकारी एकमेकांच्या अधिकारांचा हिशेब लावत आहेत. आग विझवणाऱ्याला आगीइतकाच धोका या फटीचा असतो.

दुसरी धारा रुग्णवाहिकेची. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक दोमिनिक लारे याने जखमींना लढाई चालू असतानाच उचलून नेणाऱ्या हलक्या घोडागाड्या काढल्या. त्यानंतर बराच काळ गाडी म्हणजे फक्त वाहतूक होती. उपचार इस्पितळात, गाडीत फक्त आडवे पडणे. १९६६ मध्ये बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज या हृदयरोगतज्ज्ञाने डिफिब्रिलेटर गाडीत घातला आणि डॉक्टर रुग्णाकडे पाठवला. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये ‘फ्रीडम हाऊस’ ही सेवा सुरू झाली. तोपर्यंत त्या शहरात रुग्णाला न्यायला पोलिसांची गाडी यायची, नाहीतर अंत्यसंस्कार करणाऱ्यांची. कृत्रिम श्वासाच्या तंत्राचा एक शिल्पकार पीटर सफार याने हिल डिस्ट्रिक्टमधल्या बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना शिकवले, आणि आज जगभर ज्याला पॅरामेडिक म्हणतात त्याच्या शिक्षणाचा पाया तिथे पडला. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा उभी केली आणि फ्रीडम हाऊस बंद पडले. ज्यांनी हे काम शहराला शिकवले त्यांच्यातल्या बहुतेकांना नव्या सेवेत टिकता आले नाही. ही गोष्ट आपल्या वाचकांना परकी वाटू नये.

यातून दोन घराणी झाली. फ्रान्स आणि जर्मनीत डॉक्टर गाडीतून रुग्णापर्यंत जातो आणि जागेवरच बराचसा उपचार करतो. अमेरिका-ब्रिटनच्या घराण्यात प्रशिक्षित पॅरामेडिक जातो, स्थिर करतो आणि लवकरात लवकर इस्पितळ गाठतो. कोणते बरे, याच्यावर डॉक्टरांत अजून वाद चालतात. हृदयविकाराला एक उत्तर लागू पडते, पोटात रक्तस्राव होणाऱ्या अपघातग्रस्ताला दुसरे.

भारतात २००५ मध्ये हैदराबादेतून १०८ सुरू झाली आणि राज्याराज्यांत पसरली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली, ९३७ गाड्यांनिशी. इतर बऱ्याच राज्यांत गाडीत तंत्रज्ञ असतो. आपल्याकडे डॉक्टर, बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेला आणि आपत्कालीन प्रशिक्षण मिळालेला. म्हणजे माणूस फ्रेंच पद्धतीचा आणि काम अमेरिकन पद्धतीचे. ही सांगड सोयीतून झाली, पण तिच्यातून एक नवा पेशा तयार झाला. या पुस्तकातल्या एका डॉक्टरने म्हटले आहे की त्याला कॉलेजात नाडी शिकवली आणि गाडीने रस्ता शिकवला. गाडी चालवणाऱ्याला १०८ मध्ये पायलट म्हणतात. सुरुवातीला मला तो शब्द भपकेबाज वाटला होता. पायलटबरोबर एक रात्र काढल्यावर तसे वाटेना. गतिरोधक कुठे आहे हे त्याला पाठ असते, कारण मागे कुणीतरी छातीवर दाब देत उभा असतो आणि गाडी उसळली तर तो पडतो.

आता आपल्या शहरांची अडचण पाहा. ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन हे पालिकांच्या कामांच्या यादीत गेले. आरोग्य राज्याकडे. १०८ ची गाडी राज्याची, चालवणारा कंत्राटदार. कॅज्युअल्टी कधी पालिकेची, कधी राज्याची, कधी खाजगी. एकाच जळालेल्या माणसाला खिडकीतून काढणारा, गाडीत घालणारा आणि खाटेवर घेणारा, या तिघांचे मालक वेगळे, वायरलेस वेगळे, पगाराची तारीखही वेगळी. लंडनने १९३७ मध्ये ९९९ हा एकच क्रमांक दिला. आपल्याकडे १०१, १०२, १०८ अशी वेगवेगळी दारे होती. आता ११२ आले आहे. दार एक झाले तरी आतल्या खोल्या वेगळ्याच आहेत, आणि त्यांच्यामधले अंतर रोज कुणीतरी पायी तुडवते.

ते अंतर कसे असते याची एक हकीकत सांगते. माझ्या आजीला पहाटे छातीत दुखू लागले तेव्हा आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. लाकडी जिना, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकायचे. स्ट्रेचर पहिल्याच वळणावर अडकले. गाडीतल्या पोराने क्षणभर जिना बघितला, घरातली प्लास्टिकची खुर्ची मागितली, आजीला चादरीने खुर्चीला बांधले आणि शेजारच्या दोघांना कुठे धरायचे ते शांतपणे सांगितले. आजी सबंध वेळ त्याच्याकडे तोंड करून होती, कारण त्याने तशीच बसवली होती. खाली पोचल्यावर एका इस्पितळाने खाट नाही म्हणून सांगितले, दुसऱ्याने घेतले. त्या मधल्या वेळात तो पोरगा आजीला विचारत राहिला, गाव कुठले, पीक काय घेता. आजी जगली. पुढे कित्येक वर्षांनी मला कळले की तो वेळ काढण्यासाठी बोलत नव्हता. उत्तर येतेय का, वाक्य तुटतेय का, हे तो ऐकत होता.

मुंबईच्या लोकल स्थानकांवर ही साखळी आणखी उघडी दिसते. रुळांवर पडलेल्या माणसाला उचलतात ते बहुधा हमाल. मग स्टेशन मास्तरचा मेमो, मग गाडी, मग सायन, केईएम किंवा जवळचे जे असेल ते. ११ जुलै २००६ ला अकरा मिनिटांत सात डब्यांत स्फोट झाले तेव्हा रुळांकडेच्या वस्त्यांतल्या लोकांनी चादरींत घालून माणसे बाहेर काढली. त्या संध्याकाळचे पहिले रुग्णवाहक तेच होते. मदत करणाऱ्याला पोलीस चौकशीची भीती वाटू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत या संरक्षणाला कलम मिळाले. कायदा झाला, पण रस्त्यावर घोळका अजूनही हात मागे बांधून उभा राहतो असे या पुस्तकातले जवळजवळ सगळे पायलट सांगतात.

शरीराविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण शौर्याच्या भाषेत शरीर हरवते. आगीत ज्वाळेपेक्षा धूर जास्त मारतो. पूर्वीची घरे लाकूड, कापूस, कागद यांची. आताची फोम, प्लास्टिक, रेक्झिनची. सोफा पेटला की खोली काही मिनिटांत अशा अवस्थेला पोचते की छतालगतचा धूरच पेट घेतो. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा घेते. चुकीच्या क्षणी मारलेला फवारा मारणाऱ्यालाच भाजतो. म्हणून संयम. पाठीवरच्या सिलिंडरची हवा संपत आली की शिट्टी वाजते, आणि शिट्टी वाजल्यावर माघारी फिरायचे हा नियम आहे. ‘आतून आवाज येत होता आणि माझी शिट्टी वाजत होती,’ असे एका लीडिंग फायरमनने सांगितले, आणि पुढे बराच वेळ तो बोलला नाही. ते मौन आम्ही छापू शकलो नाही. फक्त तिथे ओळ मोकळी सोडली आहे.

धूर केंद्रात परततोही. काजळलेले हेल्मेट ही जुन्या माणसाची शान समजली जायची. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमनाचा पेशाच कर्करोगकारक गटात घातला. तीच काजळी कपड्यांतून, हातमोज्यांतून घरी जाते. क्वार्टर्समध्ये तो गणवेश धुणाऱ्या बायकोने या पुस्तकात चार पाने सांगितले आहे. मला विचाराल तर आधी तीच पाने वाचा.

९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. इमारत कोसळली आणि दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले, त्यांत प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकरही होते. प्रमुख स्वतः पुढे का होता, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. दलातल्या माणसांना तो प्रश्नच कळत नाही. ब्रेडवूडपासून चालत आलेली रीत तशीच आहे: ज्याला इमारत जास्त कळते तो पुढे. मला यात रीत दिसते तसाच एक न सुटलेला प्रश्नही दिसतो. जाणते माणूस पुढे ठेवायचे की मागे, यावर दलाच्या आतही एकमत नाही, आणि पुस्तकातली दोन कथने या बाबतीत एकमेकांच्या थेट विरोधात जातात. आम्ही ती शेजारी शेजारी ठेवली आहेत.

हे पुस्तक आत्ताच का, याचे उत्तर आपल्या खिडकीतून दिसते. जिथे चाळी होत्या तिथे मनोरे आहेत, आणि कोणत्याही शिडीच्या टोकाच्या वर कितीतरी मजले राहतात. तिथे आग विझवायची ती इमारतीतल्याच पंपाने, पाइपने, जिन्याने. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा ती जबाबदारी मालकावर आणि वापरणाऱ्यावर टाकतो. जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. कागद वेळेवर जातो. आत गेलेल्या माणसाला व्हॉल्व्ह गंजलेला सापडतो, आश्रयासाठी मोकळ्या ठेवायच्या रेफ्युज एरियात कपाटे सापडतात, जिन्यात जुनी सायकल सापडते. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळे गेली. त्याच वर्षी भांडुप आणि विरारच्या इस्पितळांतही आगी लागल्या. जिथे अँब्युलन्स पोचवते तीच जागा पेटली, म्हणजे या दोन सेवांचा वेगळा विचार करायची सोयच उरलेली नाही. ई-स्कूटरच्या बॅटऱ्या आता इमारतींच्या तळाशी चार्ज होतात. विझली असे वाटून पुन्हा पेटणारी ती आग जुन्या कवायतीत नाही.

या संग्रहात मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक आणि नागपूर इथली कथने आहेत. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, त्यामुळे शिकवणाऱ्यांची आणि तिथे शिकलेल्या मुलींची बाजूही आली आहे. कथने मोठ्या आपत्तींच्या क्रमाने लावलेली नाहीत. ती पाळीच्या क्रमाने लावली आहेत, सकाळच्या हजेरीपासून दुसऱ्या सकाळच्या हजेरीपर्यंत, म्हणजे झाडावर अडकलेला कावळा, लिफ्टमध्ये अडकलेली म्हातारी आणि गोदामाची आग हे सगळे ज्या सरमिसळीत येतात त्याच सरमिसळीत वाचकाला भेटतील. कंत्राट, थकलेला पगार, न मिळालेली रजा हे विषय वेगळे काढले नाहीत. ते लोकांच्या बोलण्यात जिथे आले तिथे ठेवले. सांगणाऱ्यांची नावे त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत, आणि इमारती ओळखू येतील अशा खुणा काढून टाकल्या आहेत. बोली कुठेही सुधारलेली नाही. ‘वर्दी’, ‘टर्नआउट’, ‘ब्रॉट डेड’ हे शब्द जसे बोलले गेले तसे आहेत.

एक गोष्ट वाचताना खटकेल म्हणून आधीच सांगते. बरीच कथने वाक्याच्या मध्येच थांबतात. मुलाखती केंद्रातच, पाळीवर असताना झाल्या. रेकॉर्डिंगमध्ये घंटा ऐकू येते, खुर्ची सरकते, बूट वाजतात, आणि मग पंख्याचा आवाज. काहीजण परत आले तेव्हा त्यांना आधीचे आठवत नव्हते किंवा सांगायचे नव्हते. ती वाक्ये आम्ही तशीच ठेवली आहेत.